गल्लीत एमडीची पुडी विकली जात असेल तर: हात न उचलता मालाच्या मालकापर्यंत कसं पोहोचायचं

गल्लीत नशेची पुडी विकणारा पोरगा सापडला की सोलापुरातल्या कुठल्याही पेठेत पहिला सूर एकच निघतो: धरा, खांबाला बांधा आणि चोपा. हे म्हणणाऱ्यांना गुंड ठरवून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. दिवसभर पाटीवर बसून वळलेल्या विड्यांचे पैसे ज्या आईच्या डब्यातून रोज गायब होतात, तिला 'कायद्यावर विश्वास ठेवा' एवढंच सांगणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं आहे. पोलिसांत खबर दिली की संध्याकाळी ती विकणाऱ्याच्या कानावर जाते, ही भीतीही उगाच आलेली नाही. म्हणून इथे उपदेश नाही. मारहाणीने नेमकं काय बिघडतं आणि त्याऐवजी कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं, ते सांगतो.

आधी वजनाचा हिशोब समजून घ्या

सगळा खेळ ग्रॅमवर चालतो. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा, 1985 चा. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, त्यात 2015 मध्ये आलं. 2 ग्रॅमपर्यंत 'अल्प प्रमाण': शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष. 2 ते 50 ग्रॅमच्या मध्ये सापडलं तर 10 वर्षांपर्यंत. 50 ग्रॅमच्या वर 'व्यापारी प्रमाण': किमान 10, कमाल 20 वर्षं आणि 1 ते 2 लाख दंड. शिवाय व्यापारी प्रमाणात कलम 37 लागतं आणि जामीन फार अवघड होतो. गांजाला हेच आकडे 1 किलो आणि 20 किलो, हेरॉइनला 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम. माल भेसळीचा असला तरी वजन पूर्ण मिश्रणाचं धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवून दिलंय.

आता कोपऱ्यावरचा पोरगा बघा. त्याच्या खिशात दोन-तीन पुड्यांपेक्षा जास्त कधीच नसतात. बाकीचा माल कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत, बंद कारखान्यात नाहीतर गाडीच्या डिकीत. तो पोरगा बहुतेक वेळा स्वतःच व्यसनी असतो आणि स्वतःची पुडी सुटावी म्हणून विकतो. त्याला चोपलात की वरचा माणूस त्याच रात्री साठा हलवतो आणि आठवड्यात दुसरा पोरगा उभा करतो. गल्लीचा राग जिथे पोहोचतो तिथे माल नसतो आणि जिथे माल असतो तिथे गल्लीला पोहोचताच येत नाही. आमचा मारहाणीला विरोध आहे तो प्रामुख्याने यासाठी.

दुसरं नुकसान पुराव्याचं. पोरांनी त्याच्या खिशात हात घालून पुडी काढली आणि पोलिसांच्या हातात दिली, तर ती पुडी कायद्याच्या नजरेत त्याच्याकडून नव्हे, तुमच्याकडून जप्त झाली. ज्याच्या ताब्यात माल सापडतो त्याच्यावरच कलम 54 चं गृहीतक येऊन बसतं, म्हणजे खुलासा तुम्हाला करावा लागेल. अंगझडती घेण्यापूर्वी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी का' हे विचारणं कलम 50 प्रमाणे बंधनकारक आहे. ही एक पायरी चुकली म्हणून पोलिसांनी केलेल्या केसेससुद्धा सुटतात, मग जमावाने केलेली झडती कुठे टिकणार? मार देऊन 'मी अमक्याकडून आणतो' असं वदवून घेतलेल्या व्हिडिओचंही तेच. तो त्याच्याविरुद्ध टिकत नाही, तुमच्याविरुद्ध मात्र पक्का पुरावा ठरतो.

तिसरं नुकसान पोरांचं. पाच किंवा जास्त जण एकत्र आले आणि मारहाण झाली की भारतीय न्याय संहितेची 189, 190, 191 ही कलमं लागतात. 190 चा अर्थ असा की ज्याने हात उचलला नाही, नुसता जमावात सामील होऊन उभा राहिला, तोही तितकाच अडकतो. हाड मोडलं तर 117, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. खोलीत कोंडलं तर 127. यातली कितीतरी पोरं पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावत असतात. चारित्र्य पडताळणीत हा एक गुन्हा दिसला की तिथेच सगळं अडतं. विकणाऱ्याला याची पूर्ण कल्पना असते. म्हणूनच तो मार खाऊन पळत नाही, सरळ सिव्हिलला जाऊन जखमांचं सर्टिफिकेट काढतो आणि उलटी फिर्याद देतो.

न्याय आपल्या हाताने करावा का, हा खरा प्रश्न

समजा पुरावा टिकला, पोरं सुटली, तरी चालेल का? 13 ऑगस्ट 2004 ला नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला भर न्यायालयात संपवलं. 2014 मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. पण याच राज्यात 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. त्या जमावालाही आपण मुलं वाचवतोय असंच वाटत होतं. जमावाला खात्री असणं आणि गोष्ट खरी असणं यांत किती अंतर असतं, हे सोलापूर जिल्ह्याने स्वतःची माणसं गमावून पाहिलंय.

बलाढ्य तस्करांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो आणि त्याची चर्चा फार कमी होते: जमावाचा राग विकत घेता येतो. कोलंबियात 1993 मध्ये कोकेन तस्कर पाब्लो एस्कोबारविरुद्ध 'लोस पेपेस' नावाची टोळी उभी राहिली. तिला पैसा पुरवला तो 'काली कार्टेल' या एस्कोबारच्या प्रतिस्पर्धी तस्कर टोळीने. एस्कोबार मेला, कोकेन चालूच राहिलं. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात 2013 मध्ये लिंबू-अ‍ॅव्होकॅडो पिकवणाऱ्या गावांनी खंडणीखोर टोळीविरुद्ध बंदुका उचलल्या. वर्षभरात त्या गटांत दुसऱ्या टोळ्यांची माणसं शिरली. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये 'पगाड' ही संघटना ड्रग्जविरोधी म्हणूनच सुरू झाली, 1996 मध्ये तिच्या जमावाने एका टोळीप्रमुखाला रस्त्यात जाळलं, आणि पुढे तिचं नाव बॉम्बस्फोटांशी जोडलं गेलं. यातून गल्लीसाठी एक साधी तपासणी निघते. कुणी बाहेरचा 'भाऊ' तुम्हाला गाड्या, पैसे, काठ्या पुरवून ठराविक एकाच विक्रेत्यावर सोडत असेल, तर त्या जागेवर उद्या कोणाचा माल येणार आहे ते आधी शोधा.

स्वसंरक्षण ही वेगळी गोष्ट, ती सोडू नका. कोणी कोयता घेऊन अंगावर आला तर न्याय संहितेच्या कलम 34 पासून पुढे तुम्हाला प्रतिकाराचा पूर्ण हक्क आहे. मर्यादा लक्षात ठेवा: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्क नाही, आणि धोका टळल्यावर मारलेला फटका हा बचाव राहत नाही.

वही कशी ठेवायची

शंभर पानी वही, पानांवर आधीच आकडे टाकलेले. पान फाडायचं नाही, खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, गाडीचा पूर्ण नंबर, किती माणसं, काय हाताने दिलं-घेतलं. जागा लिहिताना 'आमच्या बोळात' असं चालत नाही. 'नीलमनगर, अमुक किराणा दुकानासमोरच्या डीपीजवळ' असं लिहा. दोन रकाने करा: 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. यात गल्लत झाली की पूर्ण वही संशयास्पद ठरते. नाव माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका, वर्णन लिहा.

एकाच माणसाने पहारा देऊ नये, तो ओळखला जातो. सकाळी विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायका, रात्रपाळी सुटलेले यंत्रमाग कामगार, दूधवाला: यांच्या वाटा आणि वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पंधरा-वीस दिवसांच्या नोंदीत तीन गोष्टी दिसायला लागतात. माल देणारी गाडी कोणत्या वारी येते, कोणत्या खोलीपुढे थांबते आणि वसुलीला कोण येतो. पोलिसांना हव्या असतात त्या याच तीन. गिऱ्हाईक पोरांची नावं वहीत लिहू नका. त्यांचा उपयोग नाही आणि वही हरवली तर पोरांची बदनामी ठरलेली.

व्हिडिओ स्वतःच्या घराच्या खिडकीतून किंवा दुकानातून काढला तर ठीक. मागे मागे फिरून नको. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली की तिचा दर्जा आणि तपशील जातात, गाणं किंवा मजकूर टाकला तर तिचा उपयोगच संपतो. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे पुढे प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून फोन बदलला तरी जुना फोन विकू नका.

जमिनीवर पडलेली पुडीसुद्धा उचलायची नाही. तिच्याजवळ उभं राहून 112 ला फोन करा.

खबर कुठे द्यायची

आधी हद्द बघा. सोलापूर शहराचं आयुक्तालय वेगळं, सोलापूर ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं. चिंचोळी एमआयडीसी मोहोळ तालुक्यात, म्हणजे ग्रामीणमध्ये येते. अक्कलकोट रोडची एमआयडीसी शहरात. 'आमची हद्द नाही' हे उत्तर मिळालं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ची आठवण करून द्या: गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

नाव द्यायचं नसेल तर 1933 ही अंमली पदार्थविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 2024 पासून चालू. नाव द्यायला हरकत नसेल तर लेखी अर्ज द्या, पण बीट अंमलदाराच्या हातात देऊन घरी येऊ नका. आयुक्तालयाच्या आवक-जावक टेबलावर देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. अर्ज एका पानाचा पुरे: जागा, दिवस, वेळ, गाडी, खोली. भावना आणि आरोप त्यात नकोत. एनडीपीएसच्या कलम 42 प्रमाणे अधिकाऱ्याने खबर लेखी घेतली की 72 तासांत तिची प्रत वरिष्ठाकडे जायलाच हवी. कलम 68 प्रमाणे खबर कोणाकडून आली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. या दोन्ही कलमांचा उल्लेख अर्जात करा; वाचणाऱ्याला कळतं की लिहिणाऱ्याला माहिती आहे. मात्र सूड म्हणून खोटी खबर दिली आणि त्यातून झडती किंवा अटक झाली, तर कलम 58 खाली 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ठाण्यातूनच खबर फुटते असा संशय असेल तर अर्ज थेट पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांच्या नावाने, आणि एक प्रत राज्याच्या अंमली पदार्थविरोधी टास्क फोर्सला. हप्त्याची ठोस माहिती असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थांसाठी जिल्हा समन्वय समिती असते, तिच्याही नावे प्रत द्या. हे सगळं करूनही गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठांना पोस्टाने लेखी, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्याच्याही पुढे उच्च न्यायालय, आणि ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठायला नको. सोलापूर जिल्हा आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

घरमालकाला पोच मिळेल असं एक पत्र स्पीड पोस्टने पाठवा. आम्हाला हा उपाय सगळ्यात जास्त आवडतो, कारण खर्च शंभराच्या आत आणि परिणाम लवकर. आपली जागा अशा कामाला वापरली जातेय हे ठाऊक असून वापरू देणाऱ्या मालकाला एनडीपीएसच्या कलम 25 मध्ये त्या मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. एरवी तो 'मला काय माहीत' म्हणून सुटतो. पोच आल्यावर ते म्हणता येत नाही, आणि बहुतेक मालक खोली रिकामी करवून घेतात. फक्त वेळ सांभाळा: पोलिसांना खबर आधी, पत्र छाप्यानंतर. उलटं केलंत तर माल हलतो.

बंद कारखान्याचा संशय आला तर

चिंचोळी एमआयडीसीतून 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एमडी बनवणारे कारखाने उघड झाले, पुढच्या फेब्रुवारीत शेजारच्या कुरकुंभचा. 2025 मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीजवळच्या कारवाईतून तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण बाहेर आलं. त्यामुळे औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात: पाटी नाही पण रात्री उजेड आणि पंखे चालू, निळे ड्रम येतात पण तयार माल जाताना दिसत नाही, नाल्यात डोळे चुरचुरवणारं पाणी, स्थानिक कामगार एकही नाही. आत शिरू नका. तिथले द्रावक ठिणगीने पेटतात आणि वाफेने माणूस कोसळतो. पोलिसांबरोबर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही नाल्याच्या पाण्याची तक्रार करा. त्या निमित्ताने तपासणीला सरकारी माणूस उघडपणे जाऊ शकतो.

साक्ष द्यायला कोणी तयार नसतं तेव्हा

इथे बहुतेक प्रयत्न मोडतात. पण प्रत्येक कारवाईला भर कोर्टात उभं राहावं लागत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 56 खाली तडीपारीचा प्रस्ताव होतो, 2 वर्षांपर्यंत. 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली अंमली पदार्थांच्या गुन्हेगाराला 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. दोन्हींत साक्षीदारांचे गोपनीय जबाब घेतात. त्यांची वरिष्ठ अधिकारी पडताळणी करतात आणि नाव-पत्ता समोरच्याला कळू देत नाहीत. दोन-तीन माणसांनी वेगवेगळ्या घटनांचे तारखेसह जबाब दिले तर प्रस्ताव उभा राहतो. इथे तुमची वही कामाला येते, कारण 'तो नेहमी दमदाटी करतो' असा मोघम जबाब पुढे न्यायालयात उडतो.

खटल्यात साक्षीदार असाल आणि धमकी आली तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो आणि पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. धमकी आल्याची वेळ, नंबर, कॉल-नोंद लगेच जपून ठेवा.

पंच म्हणून बोलावलं तर जाऊन नीट उभं राहा. माल तुमच्यासमोर काट्यावर चढला पाहिजे, पाकीट तुमच्यासमोर लाखेने बंद झालं पाहिजे, झडतीचं चित्रण होतंय का ते विचारा. कोऱ्या कागदावर सही नको, सहीखाली स्वतःच्या हाताने वेळ टाका. तेलुगू किंवा कन्नड घरातल्या बाईचा जबाब असेल तर तो तिच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका. दोन वर्षांनी उलटतपासात 'मी असं बोललेच नव्हते' असं तिच्या तोंडून निघतं ते याच घाईमुळे, आणि कागदावर ती फितूर ठरते.

व्यसनी पोराचं काय

त्याला पकडून देण्याआधी दवाखान्यात न्या. एनडीपीएसच्या कलम 64अ प्रमाणे अल्प प्रमाणात सापडलेला किंवा सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, फोनवर सल्ल्यासाठी 14446. नशा उतरवायला खोलीत कोंडून कडी लावू नका. एमडी सुटल्यावर पहिले काही दिवस पोरगा नुसता झोपतो, मग खोल निराशा येते, कधी जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत. त्या काळात रात्री शेजारी कोणीतरी हवं. झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या एकदम बंद केल्याने फिट्स येतात. कमी करायच्या त्या डॉक्टरच्या हिशोबाने.

गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणारं मेडिकल दुकान ठाऊक असेल तर तिथे पोरांचा जमाव घेऊन जाऊ नका. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडोल ही अनुसूची एच-1 मधली औषधं. दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह वेगळं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. अन्न व औषध प्रशासनाकडे तारीख-वेळ देऊन तक्रार केली की निरीक्षक खरेदीची बिलं आणि रजिस्टर ताडून बघतो, आणि तफावत कागदावरच सापडते.

ज्या घराची चूल या धंद्यावर चालते ते घर धंदा बंद झाला तरी तिथेच राहणार असतं. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' राबवलं, तेव्हा मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर छापे घालतानाच दुसरा रोजगार मिळवून देण्याचं काम जोडून केलं होतं. गल्लीतही बचत गट, मंडळ यांनी छाप्यानंतरच्या आठवड्यात त्या घराशी बोलणं सुरू करावं. महिना गेला की वरचा माणूस नवा माल घेऊन दारात आलेला असतो. त्याच आठवड्यात महापालिकेकडे त्या बोळातल्या बंद दिव्याची तक्रार टाका आणि रिकाम्या जागेत मंडळाची रोजची बैठक हलवा. साक्षीची तारीख लागेल तेव्हा साक्षीदाराची बुडालेली मजुरी मंडळाच्या वर्गणीतून त्याच दिवशी द्या, आणि आदल्या संध्याकाळी सरकारी वकिलांच्या ऑफिसात बसून साक्षीदाराचा जबाब त्याला एकदा पूर्ण वाचून दाखवायला सांगा.